जिंकलेल्याचं खातं आधी गोठतं

प्रश्न एका ताईंचा आहे. धाकटा भाऊ 26 वर्षांचा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. आधी फँटसी अ‍ॅपवर खेळायचा. ती बंद झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरून क्रिकेटचा ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, घेतला. आता त्याचं आणि आईचं अशी दोन्ही खाती फ्रीज आहेत, परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस मोबाइलवर आली आहे, आणि खेळायला पैसे दिलेला माणूस चेक दाखवत दारात उभा राहतो. ताई विचारतात, त्याला अटक होईल का, पैसे सुटतील का, आणि आईला सांगायचं की नाही?

ताई, तुम्ही अटकेला सगळ्यात जास्त घाबरलाय, आणि तीच शक्यता इथे सगळ्यात कमी आहे. भाऊ फक्त स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी खेळला असेल, तर 2025 च्या केंद्रीय कायद्यात त्याला शिक्षा नाही. तुमचं दुखणं बँकेत आहे. सोलापूरच्या कोर्टात मी एकवीस वर्षं फौजदारी कामं करते. सुरुवात मटक्याच्या चिठ्ठ्यांवर झाली. तेव्हा धाड पडली की आकडा लावणारा शे-दोनशे दंड भरून संध्याकाळी घरी जायचा. आता धाड कुठे पडते ते कळतसुद्धा नाही. पोरगा पेट्रोल पंपावर स्कॅन करतो आणि पैसे जात नाहीत, तेव्हा पहिल्यांदा कळतं.

आधी कायदा, थोडक्यात. ऑनलाइन गेमिंगचा हा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून गेला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे मिळण्याच्या आशेने खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ त्यात बंद केला आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. फँटसी क्रिकेट हा कौशल्याचा खेळ आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं होतं, आणि त्या आधारावर आम्ही वकील बराच युक्तिवाद करायचो. नव्या कायद्याने तो फरकच पुसून टाकला. याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या आहेत, पण भावाचं खातं त्या निकालासाठी थांबून राहणार नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. पैशांची ने-आण करून देणाऱ्याला पुन्हा तीन वर्षं आणि एक कोटी. खेळणाऱ्यासाठी शिक्षेचं कलमच नाही. तो फसवला गेलेला माणूस आहे, अशीच भूमिका सरकारने घेतली.

मात्र ‘खेळणारा’ कुठे संपतो आणि ‘चालवणारा’ कुठे सुरू होतो, हे भावाला नीट विचारा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना आपण ती रेघ ओलांडली आहे हे माहीतच नसतं. कारखान्यातल्या सात-आठ जणांनी एकाच्या आयडीवर पैसे लावायचे, त्याने सगळ्यांचे आपल्या फोन-पेवर घ्यायचे, मॅच संपल्यावर वाटून द्यायचे. पोरांच्या लेखी ही दोस्ती. पोलिसांच्या कागदावर हा दुसऱ्यांचे पैसे फिरवून देणारा. लिंक चार ग्रुपवर टाकून नव्या पोरामागे दोन-पाचशे ‘बोनस’ घेतला असेल तर तो प्रचारात मोडतो. आणि पासबुक, एटीएम, सिमकार्ड असा सगळा ‘किट’ महिन्याच्या भाड्याने दिला असेल तर मामला पारच वेगळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये टोळीने चालवलेल्या बेकायदा सट्ट्याचा उल्लेख आहे, आणि तिथे शिक्षा एक ते सात वर्षं. यातलं काही घडलं असेल तर या उत्तरावर विसंबू नका, आधी वकील गाठा.

आपल्याकडे 1887 चा जुना जुगार प्रतिबंधक कायदाही अजून लागू आहे. आयपीएलमध्ये एखाद्या फ्लॅटवर किंवा लॉजवर धाड पडते, ती बहुतेक त्याच्याखाली. त्याचं वैशिष्ट्य असं की साहित्यासकट जागा सापडली, तर तिथे हजर असलेला प्रत्येक जण जुगारासाठीच आला होता असं गृहीत धरतात. मी मॅच बघायला आलो होतो, हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. जामीन मिळतो, त्याची फार काळजी नाही. काळजी पोलीस भरतीची. पहाटे पार्क स्टेडियमच्या बाजूला धावणाऱ्या पोरांत माझे दोन पक्षकार होते. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर ‘गुन्हा दाखल आहे का’ या रकान्यात एकाने खरं लिहिलं, दुसऱ्याने ‘नाही’ लिहिलं. किरकोळ गुन्हा उघड केला असेल तर नेमणूक करणारा त्याचा विचार करू शकतो. लपवला तर लपवणं हेच कारण होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग खटल्यात ही सगळी चौकट आखून दिली आहे. दुसऱ्या पोराला मी फारसं काही देऊ शकले नाही.

आता खात्याकडे येते.

विडी घरकुल वसाहतीतला एक पोरगा गेल्या वर्षी आला होता. त्याचा आणि तुमच्या भावाचा मामला जवळजवळ सारखा. मी त्याला बँकेचं स्टेटमेंट टेबलावर पसरायला लावलं आणि पिवळ्या पेनाने रेघा मारत गेले. एका मॅचचे 18,400 रुपये जिंकला होता. ते आले चार तुकड्यांत: 6,200 कुठल्या तरी ‘एंटरप्रायजेस’कडून, 5,000 एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाच्या क्यूआरवरून, 4,200 आणि 3,000 दोन बायकांच्या नावांवरून. हे कोण, विचारलं. म्हणाला, “मला काय म्हाईत मॅडम, मी तर जिंकलोय, चोरी थोडीच केलोय?”

चोरी त्याने केली नव्हती, पण त्या 4,200 मध्ये चोरी होती. आयडी देणाऱ्याचं स्वतःचं खातं कधीच पुढे येत नाही. सगळा कारभार भाड्याच्या खात्यांवर. हरणाऱ्यांचे पैसे एका खात्यात घ्यायचे, जिंकणाऱ्यांना दुसऱ्यातून द्यायचे, आणि खाती दर काही दिवसांनी बदलायची. हीच भाड्याची खाती ‘शेअरमध्ये दुप्पट’, ‘घरबसल्या टास्क’ असल्या फसवणुकीलाही वापरतात. परराज्यातला कोणी निवृत्त मास्तर फसतो, 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करतो, तक्रार पोर्टलवर चढते. मग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात कसे गेले त्या साखळीने बँका एकेक खातं होल्ड करत जातात. साखळीच्या टोकाला आपला जिंकलेला पोरगा बसलेला असतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा हे पैसे कसले. खात्यात हप्त्याचे पगार साठून 61,000 रुपये होते. वादातले 4,200, अडकले सगळे 61,000. मोटरसायकलचा हप्ता बाउन्स झाला, त्याचा दंड वेगळा.

म्हणून मी पोरांना सांगते की या धंद्यात हरणाऱ्याचे पैसे जातात आणि जिंकणाऱ्याचं खातं जातं. हरलेल्याचं नाव फार तर एखाद्या यादीत येतं आणि साक्षीदार म्हणून फोन येतो. गुन्ह्याचा पैसा घरी येतो तो जिंकलेल्याच्याच.

फँटसी अ‍ॅप चालू होती तेव्हा ही भानगड नव्हती, हे कबूल करायला हवं. पॅन द्यावा लागे, कर कापून पैसे येत, आणि कंपनीच्या खात्यातून येत. ड्रीम इलेव्हनने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, तेव्हाही खेळणाऱ्यांना शिल्लक काढून घेता येईल असं जाहीर केलं. बंदीने तो दरवाजा लागला, पण सवय असलेली पोरं घरी बसली नाहीत, ती टेलिग्रामच्या खिडकीतून आत गेली. माझं मत विचाराल तर बंदी चुकली असं मी म्हणत नाही. त्या अ‍ॅपवर पगार उडवलेल्यांच्या बायका मी पाहिल्या आहेत. पण बंदीचा पहिला मार बसला तो आधीच व्यसन लागलेल्यांना, कारण ते जास्त वाईट जागी गेले. तिथे साइट ब्लॉक झाली की दुसऱ्या दिवशी नावात एक आकडा वाढवून परत येते, आणि खेळणाऱ्याची शिल्लक जुन्या लिंकवर राहते. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने महादेव या सट्ट्याच्या अ‍ॅपसकट 22 अ‍ॅप आणि साइट एका फटक्यात बंद केल्या, तेव्हाही शिल्लक मागायला जाणार कुठे, हाच प्रश्न होता. भावाचे आयडीवर काही पैसे दिसत असतील तर ते गेले असं समजा. ‘दहा टक्के द्या, अडकलेले काढून देतो’ म्हणणारा भेटेल, तो त्याच लोकांचा भाऊबंद.

बँकेतले मात्र सुटू शकतात. पहिलं काम, शाखेत लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं की ‘वरून आहे’ एवढंच उत्तर मिळतं. अर्जात मागा: कोणत्या तक्रारीवरून होल्ड आहे त्याचा क्रमांक, कोणतं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, वादातला नेमका व्यवहार आणि त्याचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, आणि रक्कम. पोच घ्या. मग त्या ठाण्याला स्टेटमेंट जोडून लिहा की वादातली एवढी रक्कम राहू द्या, बाकी खातं मोकळं करा. हा मुद्दा हवेत नाही. बँक खातं ही पोलिसांनी जप्त करता येणारी ‘मालमत्ता’ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं, खटला आपल्याच महाराष्ट्र शासनाचा होता. पण होल्ड वादातल्या रकमेपुरताच असावा, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये घेतली, आणि आम्ही अर्जांत तिचा आधार घेतो. पोलिसांनी ऐकलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. तेही जमलं नाही तर उच्च न्यायालयात रिट. त्यासाठी सोलापूरकरांना आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको, ऑगस्ट 2025 पासून आपला जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडला आहे.

विडी घरकुलातल्या पोराचं काम पत्रावरच झालं, पण त्याला पाच महिने लागले. चार पत्रं, असंख्य फोन, आणि शेवटी तपास अधिकारी बदलला तेव्हा नव्याने आलेल्याने एका दिवसात मेल टाकला. 4,200 अजून अडकलेलेच आहेत, त्यावर आम्ही पाणी सोडलं.

पत्रात खोटं लिहू नका. ‘मित्राने उसने परत केले’ हे सगळ्यांचं आवडतं वाक्य आहे, आणि तपास अधिकाऱ्याने ते शंभरदा वाचलेलं असतं. मित्राचं नाव विचारलं की गाडी रुळावरून घसरते, आणि साध्या खेळणाऱ्याचा संशयित होतो. केंद्रीय कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे भाऊ निव्वळ खेळणारा असेल तर खरं लिहिण्यात फारसं जोखमीचं नाही. तरी पाठवण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा. आणि मोबाइल फॉरमॅट करू नका. घाबरून चॅट उडवणारे हमखास अडकतात. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, शिवाय तोच चॅट पुढे तुमच्या कामाचा आहे, ते सांगतेच.

नोटिशीत कोणतं कलम लिहिलंय ते बघा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावणं आहे, आणि ते कलम त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसापुरतं आहे. सोलापुरातून सातशे किलोमीटर जायची सक्ती त्यात बसत नाही. लेखी उत्तर देऊन इथे किंवा व्हिडिओवर जबाब घ्या म्हणता येतं. त्याच संहितेचं कलम 35(3) असेल तर संशयित म्हणून बोलावणं, ते टाळायचं नाही. हजर राहून सहकार्य करणाऱ्याला सहसा अटक करत नाहीत, करायची तर कारणं लिहून ठेवावी लागतात. ही 35 ची नोटीस नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून ती डिलीट करा असं मात्र नाही. उत्तर द्याच.

त्याआधी ती नोटीस खरी आहे का, हे तपासा. कारवाया वाढल्या तशी खोट्या साहेबांची पैदासही वाढली. ‘तुमचा नंबर सट्ट्याच्या यादीत आहे, पंचवीस हजारांत मिटवतो’ असा व्हिडिओ कॉल, मागे भिंतीवर राजमुद्रा, अंगात खाकी. खऱ्या नोटिशीवर गुन्हा क्रमांक, ठाणं, अधिकाऱ्याचं नाव असतं. त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत साइटवरून ठाण्याचा नंबर स्वतः शोधा आणि लावा, नोटिशीवरचा लावू नका. जमत नसेल तर आयुक्तालयातल्या सायबर ठाण्यात जाऊन दाखवा.

आता दारातला माणूस. इथे सोलापूर जुन्या मुंबई इलाख्यात होतं, हे भावाच्या पथ्यावर पडणार आहे. पैजेचा करार निरर्थक हे तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सगळ्या देशासाठी सांगतं. पण पैजेसाठी दिलेलं कर्ज इतर बऱ्याच ठिकाणी वसूल करता येतं. मुंबई इलाख्यात 1865 पासून एक वेगळा कायदा आहे: जाणूनबुजून पैजेला हातभार लावायला केलेला करारही निरर्थक, त्यावर दावा चालत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा हा तुकडा मी चेकच्या केसमध्ये काढते तेव्हा नवे वकील बघत राहतात. चेक बाउन्सचा गुन्हा होतो तो कायद्याने वसूल होणाऱ्या देण्यासाठी. त्या माणसाला खेळ माहीत होता आणि खेळण्यासाठीच त्याने पैसे दिले, हे भावाला दाखवावं लागेल, कारण चेकवर सही असली की कोर्ट आधी देणं आहे असंच धरतं. ‘आज चेन्नईवर लाव, मी टाकतो पाच’ असा मेसेज असेल तर तो सोन्यासारखा जपा. पण तुमच्या एखाद्या काकांनी ‘दवाखान्याला’ म्हणून दिलेले असतील आणि भावाने ते लावले असतील, तर ते देणं खरं आहे. ते फेडा.

तो माणूस महिन्याला दहा टक्के घेत असेल आणि परवाना नसेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. 2014 च्या सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. दारात येणं त्या तक्रारीच्या पोचपावतीनेच बरंचसं थांबतं, असा माझा अनुभव आहे.

कराचं एका वाक्यात: खेळ बेकायदा म्हणून जिंकलेलं करमुक्त होत नाही, ऑनलाइन खेळाच्या निव्वळ जिंकलेल्यावर 30 टक्के कर आहे, आणि हरलेलं पगारातून वजा होत नाही. आणि तुमच्यासारख्या अशोक चौक भागातल्या तेलुगू घरांना एक सांगणं, लग्नाकार्याला तेलंगणात गेल्यावर तिकडे फोन काढून खेळू नका. तिथला 2017 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा ऑनलाइन खेळणाऱ्यालाही सोडत नाही.

राहिली आई. तुम्ही लिहिलंय की तिचं खातं ‘कसं काय’ अडकलं कळत नाही. मला कळतंय. जिंकलेले काही पैसे तो तिच्या नंबरवर मागवत असणार. तिच्या विड्यांची मजुरी आणि लाडक्या बहिणीचे पंधराशे त्याच खात्यात येतात, म्हणजे घरातला तेवढा एकच खात्रीचा पैसा बंद आहे. तिला सांगावंच लागेल, कारण बँकेचा अर्ज आणि पोलिसांचं पत्र तिच्या सहीशिवाय चालणार नाही. ते तुम्ही परस्पर करू नका, सही तर अजिबात मारू नका. साक्षीदार म्हणून बोलावलं तरी तिला ठाण्यात जावं लागत नाही. कलम 179 नुसार बाईचा जबाब ती राहते तिथेच घ्यावा लागतो. हे तिला पहिल्याच वाक्यात सांगा, मग बाकीचं सांगा.

भावाला रात्री झोप लागत नसेल, जिवाचं काही बोलत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. कागदांना महिने लागतील, तेवढा काळ त्याला एकट्याला सोडू नका.

येताना दोन्ही खात्यांची सहा महिन्यांची शिक्के मारलेली स्टेटमेंट आणा, चेकचा फोटो आणा, आणि नोटीस प्रिंट काढून आणा, स्क्रीनशॉट नको. आईलाही आणा. विडी घरकुलातल्या पोराची आई बाहेरच्या बाकावर दोन तास बसून होती, तिला वाटत होतं पोराने खून केलाय.